कच्चं लायसन्स, वडिलांची गाडी आणि स्वस्त विम्याचा शोध

“मुलगी गाडी शिकतेय. तिच्यासाठी स्वस्तात विमा कुठे मिळेल?” ऑगस्ट २०२५ मध्ये नाशिकच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा हा मेसेज आला. खाली तीन फोटो होते: मुलीचं कच्चं लायसन्स, गाडीचं आरसी आणि पुढच्या बंपरचा डावा कोपरा. तिसरा फोटो पाहिल्यावर लक्षात आलं, की विचारलाय विमा, पण घाई क्लेमची आहे.

मी मोटार विम्याचं काम करतो. घरात अठरा-एकोणीस वर्षांचं कुणी स्टिअरिंगवर बसायला लागलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि सगळ्यांच्या नजरा शिकणाऱ्यावर असतात. या प्रकरणात भोक भलतीकडेच निघालं, म्हणून ते सविस्तर लिहितोय. नावं देत नाही. प्रीमियम आणि खर्चाचे आकडे त्या वेळच्या कोटेशन-एस्टिमेटमधले आहेत, सुटे रुपये सोडून.

गाडी वडिलांच्या नावावर. पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, ऑगस्ट २०१९ ची, एमएच-१५ पासिंग. घेतल्यापासून एकही क्लेम नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांवर पोचलेला. त्याच्या वर तो जात नाही. वडील रोज कामाला स्कूटरवर जातात, गाडी शनिवार-रविवारची. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. जुलैत कच्चं लायसन्स काढलं, मोटर ट्रेनिंग स्कूल लावलं, क्लासच्या गाडीवर हात बसल्यासारखा वाटला म्हणून घरच्या गाडीवर सकाळी सराव सुरू केला. शेजारी वडील. सोसायटीच्या गेटमधून आत वळताना बंपर खांबाला घासला. पॉलिसी संपायला तेव्हा तीन आठवडे होते.

मी फोन केला तोवर घरात तीन मतं तयार झाली होती.

मामांचं मत व्यवहारी: मुलीसाठी ८०० सीसीची जुनी गाडी घ्या, तिच्याच नावावर करा, नुसता थर्ड पार्टी विमा (दुसऱ्यांच्या नुकसानीपुरता) काढा, ठोकली तर ठोकली. वडिलांचं मत: आहे तीच गाडी तिच्या नावावर करावी, म्हणजे विमाही तिचा आणि जबाबदारीही तिची. आणि मुलीने इंटरनेटवर बराच अभ्यास केला होता. तिने विचारलं, “काका, ब्लॅक बॉक्स बसवला तर प्रीमियम किती कमी होईल? आणि बाबांच्या पॉलिसीत माझं नाव नेम्ड ड्रायव्हर म्हणून टाकायचं का?”

तिच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात हुशार होता आणि सगळ्यात गैरलागूही. ती वाचत होती ते ब्रिटनबद्दल. तिथे विम्याचा दर चालवणाऱ्यावर ठरतो. वय कमी, अनुभव कमी, की प्रीमियम भडकतो. शिकाऊ चालकाला पॉलिसीत नाव घालून घ्यावं लागतं किंवा स्वतःची छोट्या मुदतीची पॉलिसी घ्यावी लागते, आणि गाडी कशी चालवता हे मोजणारा डबा बसवून घेतला तर सूट मिळते. तिथल्या पोरांना स्वस्त विमा शोधणं ही खरीच मोहीम असते. आपल्याकडे विमा गाडीला चिकटलेला असतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर आहे: खासगी गाडीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. जून २०२२ पासून हेच आकडे चालू होते. चालवणारा १९ चा की ५९ चा, याने त्यात एक रुपयाचा फरक पडत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग, ज्याला आम्ही ओन डॅमेज म्हणतो, त्याचा दर कंपन्या आपापल्या हिशेबाने लावतात. त्यात गाडीची विमा किंमत, वय, सीसी आणि नोंदणीचं शहर हे मुख्य. क्लेम न केल्याची सवलत वेगळी. घरातलं आणखी कोण गाडी चालवणार आहे, हे आम्ही मागवलेल्या एकाही कोटेशनमध्ये विचारलेलं नव्हतं.

म्हणजे “तरुण चालकासाठी स्वस्त पॉलिसी” असा वेगळा माल आपल्या दुकानात जवळजवळ नाहीच. मुलीला हे ऐकून आनंद झाला. वडिलांना वाटलं, मग प्रश्नच मिटला. मिटला नव्हता. विमा गाडीला चिकटलेला असला तरी त्याला अटी आहेत, आणि त्या चालवणाऱ्याला लागू होतात.

गॅरेजवाल्याचा सल्ला

बंपरचा एस्टिमेट ८,२०० रुपयांचा होता. बंपर ३,६००, आणि काढणं-बसवणं, फेंडरचं डेंटिंग, रंग मिळून ४,६००. गॅरेजवाल्याने जाताजाता एक सल्ला फुकटात दिला होता: “क्लेम फॉर्मवर ड्रायव्हर म्हणून तुमचं नाव टाका साहेब. कच्च्या लायसन्सवाल्याचं दाखवलं तर कंपनी पैसे देत नाही.”

या एका वाक्यात दोन गोष्टी चूक आहेत. खासगी गाडीच्या पॉलिसीवर ड्रायव्हर क्लॉज छापलेला असतो. कुणी वाचत नाही, पण असतो. त्याचा अर्थ असा: विमाधारकासह कुणीही गाडी चालवू शकतं, अट एवढीच की अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन्स हवं आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. त्यापुढेच लिहिलेलं असतं, की शिकाऊ लायसन्सवालाही चालवू शकतो, जर तो केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ३ ची पूर्तता करत असेल. म्हणजे कच्च्या लायसन्सला विमा आहे. वेगळा प्रीमियम नाही, नाव घालणं नाही, कंपनीला कळवणं नाही.

नियम ३ काय मागतो? कच्चं लायसन्स मुदतीत हवं. ते सहा महिने चालतं. शेजारी शिकवणारा बसलेला हवा, त्याच्याकडे त्या प्रकारची गाडी चालवण्याचं चालू लायसन्स हवं, आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. मागच्या सीटवरून सूचना देणारा चालत नाही. आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा. त्याचं मापसुद्धा नियमात आहे: पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. बाजारात मिळणारे काही स्टिकर यापेक्षा लहान असतात. एलच्या उंचीवरून क्लेम अडल्याचं मी पाहिलेलं नाही, पण एल नसल्यावरून सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाने, प्रश्न विचारलेले पाहिलेत.

दुसरी चूक जास्त महाग. चालवणारा बदलून दाखवणं म्हणजे कंपनीची फसवणूक. लहान क्लेममध्ये ते खपून जातं असं लोकांना वाटतं, कारण काही वेळा खपतंही. पण कंपनीला ते कळलं तर क्लेम तर जातोच, पॉलिसीही जाऊ शकते, आणि पुढच्या कंपनीच्या फॉर्मवर उत्तर देताना पंचाईत होते. मी वडिलांना म्हटलं, “खोटं लिहायचं नाही, आणि गरजही नाही. तिचं लायसन्स चालू आहे, शेजारी तुम्ही होता, एल लावलेला होता. खरं लिहिलं तरी क्लेम बसतो. तुमचं लायसन्स तेवढं पाठवा.”

लायसन्स आलं. २००६ मध्ये काढलेलं. त्या वेळच्या नियमाने खासगी गाडीचं लायसन्स २० वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल तोवर चालायचं. वीस वर्षं धरून वडील निवांत होते: २०२६ पर्यंत काळजी नाही. पण पन्नाशी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली होती. कार्डावर तारीख स्वच्छ छापलेली. नऊ महिने ते विनालायसन्स गाडी चालवत होते, स्कूटरसुद्धा, आणि त्याच लायसन्सच्या जोरावर मुलीच्या शेजारी बसत होते.

फोनवर थोडा वेळ काही बोलणं झालं नाही. मग ते म्हणाले, “म्हणजे तिचं लायसन्स बरोबर आणि माझंच नाही?”

तसंच होतं. मुलीकडे वैध कागद होता, पण शेजारचा शिक्षक नियम ३ मध्ये बसत नव्हता, म्हणून तिचं चालवणंही त्यात बसत नव्हतं. गॅरेजवाल्याचं ऐकून वडिलांचं नाव टाकलं असतं, तर मुदत संपलेल्या लायसन्सची प्रत स्वतःच्या हाताने जोडली असती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. तोही मालकाकडे चालू लायसन्स असण्यावरच उभा असतो. नऊ महिने त्याचा हप्ता भरला गेला होता आणि आधार नव्हता.

लोकांना वाटतं, लायसन्स नसलं की विमा पूर्ण शून्य. तसं नाही, आणि हा फरक घरात समजावून सांगावा लागला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे कंपनी नाकारू शकते. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर गोष्ट वेगळी. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिकाऊ लायसन्सवाल्यालाही लायसन्सधारक मानलं. अटी मोडल्या गेल्या असतील तिथे कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, ही वाटही त्याच निकालाने घट्ट केली. पीडिताच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ, विमा असूनही शेवटी बिल घरी येऊ शकतं, आणि जीव गेला असेल तर ते बिल लाखांत असतं. तिसऱ्या व्यक्तीच्या इजा-मृत्यूसाठी पॉलिसीत भरपाईची कमाल रक्कम लिहिलेली नसते, ती न्यायाधिकरण ठरवतं.

बंपरचा क्लेम तिथेच संपला. पण हिशेब मी तरीही करून दाखवला, कारण पुढच्या वर्षी तो लागणारच.

आठ हजारांसाठी किती गमावायचं

समजा सगळे कागद बरोबर असते. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची वजावट: ३,६०० चे १,८०० उरले. मजुरीवर घसारा नाही, पण रंगाच्या मटेरियलवर आहे, त्यात चारेकशे गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे एवढे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायचेच. हातात येणार साधारण ५,०००.

आता दुसरी बाजू. या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम एनसीबीच्या आधी ७,००० च्या घरात होता. एक क्लेम केला की ५० टक्के सूट शून्यावर येते. पुढच्या रिन्युअलला ३,५०० जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी सूट २० टक्के, मिळाली असती ५०, म्हणजे २,१०० चा तोटा. मग १,७५०, मग १,०५०, मग ३५०. पाच वर्षं मिळून ८,७५०, वर १८ टक्के जीएसटी धरला तर दहा हजारांच्या पुढे. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरी पाच हजार घेण्यासाठी आठ-नऊ हजार सोडायचे, असा तो सौदा आहे.

मुलीने हे वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “मग विम्याला अर्थ काय, जर वापरायचाच नाही?” प्रश्न रास्त आहे. माझं मत असं, की ५० टक्के एनसीबी असलेल्या घरात शिकाऊ चालक आला, की ओन डॅमेज विमा मोठ्या अपघातासाठी ठेवायचा आणि ओरखड्यांसाठी घरात वेगळे पैसे बाजूला काढायचे. पहिल्या वर्षात ओरखडे येणारच. या घरासाठी आम्ही रेघ दहा हजारांवर मारली: घसारा आणि डिडक्टिबल वजा जाऊन हाती दहा हजारांहून कमी येणार असतील तर गॅरेजला रोख. एनसीबी नुकताच सुरू झालेल्या घरात ही रेघ बरीच खाली येईल, कारण गमावण्यासारखं कमी असतं.

मामांची गाडी, वडिलांचं दानपत्र

मामांच्या प्रस्तावात आकडा आकर्षक होता. १००० सीसीच्या आतली गाडी, नुसता थर्ड पार्टी: २,०९४ अधिक जीएसटी, म्हणजे २,४७१ रुपये. वर्षाला अडीच हजारांत मुलगी स्वतंत्र. त्यांनी गाडीही बघून ठेवली होती, २०१२ ची, “विमा मार्चपर्यंत चालू आहे” असं सांगून विकली जाणारी.

हे “विमा चालू आहे” प्रकरण जपून ऐकावं. गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे गेल्याचं मानलं जातं. ओन डॅमेजचं तसं नाही. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा अवस्थेत गाडी ठोकली तर क्लेम अडतो. शिवाय एनसीबी जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. नाव बदलताना उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागतो.

मामांना मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीवर एनसीबी साचत नाही. एनसीबी ओन डॅमेजवर असतो. मुलीने पाच वर्षं ती गाडी एकही ठोकर न लावता चालवली, तरी सहाव्या वर्षी तिच्या खात्यात शून्यच. दोन, चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांना जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. वडिलांची गाडी त्यानंतरची आहे, तिला एअरबॅगही आहे आणि एबीएसही. मामांनी पाहिलेल्या गाडीला दोन्ही नव्हतं. घरातल्या सगळ्यात नवख्या चालकाला सगळ्यात उघडी गाडी द्यायची, हे मला कधीच पटलेलं नाही, आणि विम्याच्या हिशेबात ते कुठे दिसतही नाही. मामा म्हणाले, “आम्ही पण तसल्याच गाडीवर शिकलो.” शिकले खरे.

वडिलांचा विचार, गाडीच मुलीच्या नावावर करण्याचा, त्याहून लवकर बाद झाला. एनसीबी माणसाचा असल्यामुळे गाडी मुलीकडे गेली की ५० टक्के वडिलांकडे राहतात, मुलगी शून्यापासून सुरू करते. वडील तीन वर्षांत स्वतःच्या नावावर दुसरी गाडी घेणार नसतील, तर त्या सवलतीची मुदत संपते. वडील हयात असताना ती मुलीच्या नावावर वळत नाही. वर आरटीओची फी आणि फेऱ्या. आणि “जबाबदारी तिची” या कल्पनेत मालकी तिच्याकडे आली की मालक-चालकाच्या अपघात विम्यासाठी लागणारं लायसन्सही तिचंच बघितलं जाणार, जे अजून कच्चं.

मग ठरलं ते असं. गाडी आणि पॉलिसी जशी आहे तशी वडिलांच्या नावावर. कोटेशन चार कंपन्यांची मागवली. सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा किंमत, बाकीच्यांपेक्षा साठ हजारांनी खाली होती; गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर तेवढे कमी मिळणार. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि ग्राहकाच्या संमतीने ठरते, तिथे कंपनीला खाली ओढायला जागा असते. सगळ्यांना ३,५०,००० वर आणून पुन्हा आकडे मागवले, तेव्हा “स्वस्त” कंपनी तिसऱ्या नंबरवर गेली. कोटेशनची तुलना करताना मी आधी हा एकच आकडा सारखा करून घेतो, बाकीचं नंतर.

निवडलेल्या पॉलिसीत ओन डॅमेज ५० टक्के सूट जाऊन ३,५२०, थर्ड पार्टी ३,४१६, मालक-चालकाचा अपघात विमा ३५०, एनसीबी प्रोटेक्शन आणि रस्त्यावरची मदत मिळून ६४०. जीएसटीसह ९,३५३. एनसीबी प्रोटेक्शनचा आग्रह माझा होता. या कंपनीत वर्षातून एका क्लेमनंतरही सूट टिकते. शिकाऊ हातांच्या वर्षात ते पैसे वसूल आहेत. पण तो एक क्लेम ओरखड्यावर खर्च करायचा नाही, हे वडिलांकडून कबूल करून घेतलं.

झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा कापला जाऊ नये म्हणून घ्यायचं जादा कव्हर, घेतलं नाही. सहा वर्षांच्या गाडीला ते दोनच कंपन्या देत होत्या, वरचे २,१०० घेऊन, आणि लहान क्लेम करायचेच नाहीत हे ठरल्यावर त्याचा निम्मा उपयोग संपतो. वडिलांना ५,००० चं ऐच्छिक डिडक्टिबल घ्यायचं होतं, त्याने सहाशे रुपये वाचत होते. मी नको म्हटलं. दरवर्षी सहाशे वाचवून आठ वर्षांत एकदा पाच हजार भरले तर बरोबरी होते. अनुभवी चालकाच्या घरात हे गणित जमतं, शिकाऊ वर्षात माझा त्यावर विश्वास नाही. किलोमीटरप्रमाणे प्रीमियमचा पर्यायही होता. विमा नियामकाने जुलै २०२२ पासून त्याला परवानगी दिली आहे, आणि शनिवार-रविवारच्या गाडीला तो शोभतो. पण सरावाच्या वर्षात गाडी नेमकी किती धावेल याचा अंदाज येईना, तो पुढच्या वर्षावर टाकला.

एक खर्च मात्र वाढवला. पॉलिसीतले १५ लाख फक्त मालकाचे. वडिलांची गाडी चालवताना मुलीचीच चूक होऊन तिलाच इजा झाली, तर ती थर्ड पार्टी ठरत नाही. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा प्रकरणात म्हटलं आहे. म्हणजे सगळा खटाटोप जिच्यासाठी, तिला स्वतःला या पॉलिसीत अपघात विमा नाही. तिच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढली, हजार-बाराशेची, आणि काढण्याआधी शिकाऊ लायसन्सवर वाहन चालवण्याबद्दलचं कलम तिलाच वाचायला लावलं. तिने ते कंपनीला ईमेल करून लेखी विचारून घेतलं. असे ग्राहक रोज मिळत नाहीत.

वडिलांचं लायसन्स हे खरं तर पहिलं काम होतं. मुदत संपून वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी. ते नऊ महिन्यांवर होते, थोडक्यात सुटले. वय चाळिशीपुढचं म्हणून डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागला. नूतनीकरण झाल्या दिवसापासून लायसन्स पुन्हा चालू. मधले महिने भरून निघत नाहीत, त्यामुळे बंपरचे ८,२०० खिशातूनच गेले. तोवर घरच्या गाडीवरचा सराव बंद ठेवला. मुलीचा चुलतभाऊ म्हणाला, “मी बसतो ना शेजारी, माझ्याकडे लायसन्स आहे.” ते मोटारसायकलचं होतं.

पक्क्या लायसन्सची चाचणी कच्चं मिळाल्यापासून ३० दिवसांनी देता येते. मुलीने घाई केली नाही, ऑक्टोबरमध्ये दिली आणि लायसन्स घरी आलं. कंपनीला काही कळवावं लागलं नाही, प्रीमियम बदलला नाही. एल निघाला आणि शेजारच्या सीटची सक्ती संपली, एवढंच.

आता वडिलांच्या डोक्यात गाडी एक्स्चेंजला देऊन मोठी घेण्याचं आहे. शोरूममध्ये नव्या गाडीचा विमा तिथेच काढून देतात आणि जुन्या गाडीच्या एनसीबीचं पत्र मागितल्याशिवाय कुणी हातात ठेवत नाही. मी त्यांना सांगून ठेवलंय: जुनी गाडी देताना फॉर्म २९ ची (मालकी बदलल्याच्या सूचनेची) प्रत ठेवा, ती दाखवून कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं, आणि नवी गाडी तुमच्याच नावावर घ्या. मुलीचं म्हणणं, नवी गाडी तिच्या नावावर असावी. तिला पहिल्या वर्षाच्या ओन डॅमेजचे दोन आकडे काढून पाठवलेत, एक ५० टक्क्यांसह आणि एक शून्यासह. मॉडेल अजून ठरलेलं नाही.